एका नावाचे दोन डबे: फिक्सेटिव्हच्या अदलाबदलीचे प्रकरण

पेशीविज्ञानाच्या एका प्रात्यक्षिक वर्गात फवाऱ्याचे दोन डबे एकमेकांच्या जागी वापरले गेले आणि एकाच दिवशी 20 स्लाइड्स व कोळशाने काढलेले एक मोठे चित्र बिघडले. स्लाइड्स विद्यार्थ्यांच्या स्वतःच्याच पेशींच्या होत्या, त्यांत कोणत्याही रुग्णाचा नमुना नव्हता. त्यामुळे कोणाच्या निदानावर परिणाम झाला नाही. वर्गाची जबाबदारी माझ्याकडे होती. दोन्ही डब्यांवर ठळक अक्षरांत ‘फिक्सेटिव्ह’, म्हणजे जागच्या जागी पक्के करणारे द्रव्य, हा एकच शब्द होता आणि तो शब्द दोन्हीकडे अचूकही होता. फरक होता तो कशाला धरून ठेवायचे आणि कशापासून वाचवायचे यात, आणि नेमका तोच फरक नावात कोठे दिसत नव्हता.

प्रसंग

वर्ग गालाच्या आतल्या अस्तरातील पेशींचा होता. 12 विद्यार्थ्यांनी लाकडी पट्टीने गालाच्या आतून अलगद खरवडून प्रत्येकी दोन स्मिअर (काचेवर पसरलेले पेशींचे पातळ थर) काढायचे, ते ओले असतानाच फिक्स करायचे आणि दुसऱ्या दिवशी पापानिकोलाऊ या पेशी रंगवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने रंगवायचे, असे ठरले होते. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला वैद्यकीय चित्रे काढणाऱ्या आमच्या सहकारी अशाच एका पेशीचे भिंतीवर लावण्याजोगे चित्र पूर्ण करीत होत्या. करड्या कागदावर पेशीचा पसरट, कडेला दुमडलेला पदर त्यांनी कोळशाच्या पुसट छटांनी उभा केला होता, मध्यभागी लहानसे गडद केंद्रक होते आणि दुमडीवरचा उजेड पांढऱ्या खडूने दाखवला होता.

दोन्ही डबे ज्वलनशील द्रव्यांच्या कपाटात एकाच फळीवर ठेवलेले होते. एकात अल्कोहोल आणि पॉलिइथिलीन ग्लायकोल यांचे मिश्रण होते. स्मिअरसाठीचे फवारे बहुतेक असेच असतात. दुसऱ्यात ॲसिटोनमध्ये विरघळवलेली ॲक्रिलिक राळ होती आणि ते कोळसा व पेस्टलच्या चित्रांसाठी होते. साठा नोंदवहीत मात्र दोन्हींची मिळून एकच ओळ होती: ‘फिक्सेटिव्ह स्प्रे, 2 नग’. सामान काढून देणाऱ्याने नोंदवही पाहिली, दोन नग मोजले आणि एक डबा इकडे, एक तिकडे दिला. त्याला दोष देण्यासारखे यात काहीच नाही, कारण नोंदवहीत लिहिलेले त्याने तंतोतंत पाळले होते.

दोन विद्यार्थ्यांनी फवाऱ्याची वाट न पाहता आपल्या चार स्लाइड्स थेट 95 टक्के अल्कोहोलच्या बरणीत सोडल्या. तेव्हा मला ते घाईचे वाटले होते. पुढे त्याच चार स्लाइड्स तुलनेसाठी हाताशी राहिल्या.

काय दिसले

फवारलेल्या 20 स्लाइड्स वाळल्यावर दोन प्रकारच्या दिसू लागल्या. 13 स्लाइड्सवर काचेसारखा चकचकीत, पारदर्शक थर होता. उरलेल्या सातांवर ताकाच्या निवळीसारखी दुधी झाक आली होती. पॉलिइथिलीन ग्लायकोलचा थर मेणचट आणि किंचित धूसर असतो, तो असा चकाकत नाही. शंका तेव्हाच यायला हवी होती, पण फवारा जरा जास्त मारला गेला असेल असे समजून मी पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत आठ स्लाइड्स रंगवायला घेतल्या: चार पारदर्शक, दोन दुधी आणि दोन अल्कोहोलच्या बरणीतल्या. केंद्रक रंगवणाऱ्या हेमॅटॉक्झिलिनच्या भांड्यातून बाहेर काढताच फवारलेल्या सहांवर रंगाचे थेंब अळूच्या पानावर पाणी थरथरावे तसे गोळा होऊन घरंगळू लागले. कडेला जेथे थर उचलला गेला होता तेथे जांभळी किनार उमटली होती, आत मात्र जवळजवळ काहीच नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली फरक आणखी स्पष्ट झाला. बरणीतल्या स्लाइडवर केंद्रकाची कड पेन्सिलीने ओढल्यासारखी रेखीव होती, आत क्रोमॅटिनचे, म्हणजे केंद्रकातल्या आनुवंशिक द्रव्याचे, बारीक दाणे वेगवेगळे मोजता येत होते आणि भोवतीचे पेशीद्रव्य काही पेशींत निळसर-हिरवे, काहींत गुलाबी होते. पारदर्शक थराच्या स्लाइडवर रंग जेथे पोचला होता तेथेही केंद्रक फुगलेले, धुरकट आणि फिके होते. पेशीद्रव्य सरसकट नारिंगीकडे झुकले होते. स्मिअर फिक्स होण्याआधी हवेवर वाळला की नेमकी हीच चिन्हे दिसतात, आणि पेशी तपासणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची असतात. केंद्रकाचा आकार आणि क्रोमॅटिनची पोत यांवर ज्या विद्येचा सगळा निवाडा उभा आहे, तिच्यात फुगलेले, धुरकट केंद्रक म्हणजे पुरावाच पुसला जाणे होय. ही स्लाइड एखाद्या रुग्णाची असती, तर नमुना पुन्हा मागवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच सुमारास चित्राकडची बातमी आली. सहकाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी चित्रावर दोन हलके हात मारले होते. फवारा पडताच पांढरा खडू दिसेनासा झाला. ओलेपणी असे होतेच, वाळल्यावर उजळेल, म्हणून त्या थांबल्या. सकाळी खडूचा निम्मा उजेडसुद्धा परतला नव्हता. त्यांनी समासाजवळच्या कोळशावरून करंगळी फिरवली, तर बोट काळे झाले आणि कागदावर साबणासारखा बुळबुळीत माग राहिला. “सर, हे चिकटलेलं नाही, माखलंय,” असे त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने दोन्ही डबे शेजारी ठेवून बारीक अक्षरांतले घटक वाचायची बुद्धी झाली.

दोन डबे, दोन कामे

पेशीला फिक्स करायचे म्हणजे तिला मृत्यूनंतरच्या बदलांपासून थांबवायचे. पेशी शरीराबाहेर आली की तिची स्वतःची विकरे तिला आतून पचवू लागतात, जिवाणू बाहेरून लागतात, आणि काचेवर पातळ पसरलेल्या स्मिअरच्या बाबतीत या दोघांच्याही आधी हवा तिला सुकवते. पेशी सुकताना पृष्ठताणाने काचेवर चपटी होत जाते आणि केंद्रक पसरते. अल्कोहोल पेशीतले पाणी काढून घेते, प्रथिनांची घडी मोडते व ती जागच्या जागी गोठवते, आणि हे सर्व चपटेपणा येण्याआधी घडावे लागते. म्हणून ‘ओला असतानाच’ या दोन शब्दांवर आम्ही इतका जोर देतो. फवाऱ्यातल्या पॉलिइथिलीन ग्लायकोलचे काम त्यानंतरचे आहे. अल्कोहोल उडून गेल्यावर ते मेणासारखा तात्पुरता थर बनून पेशींना झाकते, आणि रंगवण्याआधी अल्कोहोलात किंवा पाण्यात सहज निघून जाते. त्याचे विरघळून जाणे हाच त्याचा गुण आहे.

चित्राच्या फिक्सेटिव्हला यातले काहीच करायचे नसते. कोळसा कुजत नाही, खडू पचत नाही. त्यांचे दुखणे एवढेच, की ते कागदाच्या तंतूंत नुसते अडकलेले कण असतात आणि बाही घासली तरी सुटतात. त्यांना कागदाशी बांधण्यासाठी अतिशय पातळ अशी राळ किंवा सरस लागतो, जो कणांच्या टेकण्याच्या जागी थोडा थोडा साचेल आणि कायमचा राहील. पूर्वी यासाठी अल्कोहोलातली लाख, माशापासून मिळणारा सरस, साय काढलेले दूध असे पदार्थ तोंडाने फुंकायच्या नळीतून फवारीत. आता बहुतेक कृत्रिम राळा वापरतात. येथे टिकणे हा गुण आहे, आणि तोच स्लाइडवर गेला की रोग ठरतो: रंगाचे जलीय द्रावण ॲक्रिलिकचा थर ओलांडू शकत नाही.

उलट बाजूने पाहिले, तर ग्लायकोल मऊ, मेणचट आणि हवेतला दमटपणा ओढून घेणारे असल्याने त्याने कोळशाला बांधले नाहीच, उलट वंगण पुरवले. खडूचे नाहीसे होणे हा मात्र प्रकाशाचा खेळ आहे. खडूची पूड पांढरी दिसते, कारण कणाकणांमध्ये हवा असते. हवेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचे माप) 1, खडूचा साधारण 1.6, या तफावतीमुळे प्रत्येक कणाच्या पृष्ठावर प्रकाश विखुरतो. त्या फटींत 1.46 च्या आसपासचे ग्लायकोल भरले, की तफावत जवळजवळ मिटते, प्रकाश आरपार जातो आणि खालचा करडा कागद दिसू लागतो.

ही तक्रार नुसत्या चुकीच्या डब्यापुरती नाही. ॲक्रिलिकचा अपवर्तनांकही 1.49 च्या घरात आहे, त्यामुळे योग्य फिक्सेटिव्ह जास्त झाले तरी खडू मंदावतो, फक्त कमी प्रमाणात. पेस्टलची चित्रे काढणाऱ्यांमध्ये फिक्सेटिव्हविषयी जो पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास आहे, त्याचे कारण हेच आहे. फ्रान्समध्ये 1753 मध्ये आंत्वान-जोसेफ लोरियो याने पेस्टल न मंदावता पक्के करण्याची आपली कृती कला अकादमीपुढे मांडली आणि कितीतरी वर्षे ती गुप्त ठेवली; रंग उजळ ठेवून पूड बांधणे हे तेव्हा गुपित राखण्याइतके मोलाचे होते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच चित्रकार देगाने यातून वेगळी वाट काढली. तो पेस्टलचा एक थर फिक्स करून त्यावर दुसरा चढवीत असे, त्यामुळे खालचे थर मंदावले तरी वरच्या थराची ताजी पूड उजेड धरून राहत असे. त्याचे फिक्सेटिव्हही लुइजी कियालिव्हा या चित्रकार मित्राने बनवून दिलेले होते.

आमच्या सहकाऱ्यांना हे सगळे हातांनी ठाऊक होते. मला नव्हते, म्हणून मी कागदाच्या पट्ट्यांवर कोळसा, साधा खडू आणि टायटॅनियम पांढरा पेस्टल यांचे पट्टे ओढून दोन्ही डबे स्वतः फवारून पाहिले. ग्लायकोलखाली खडू जवळपास बुडाला, राळेखाली थोडा मळकट झाला. टायटॅनियम दोन्हीकडे उजळ राहिला, कारण टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक 2.5 च्या वर आहे आणि फटींत काही भरले तरी तफावत पुष्कळ उरते. बोट फिरवल्यावर राळेखालचा कोळसा हलला नाही, ग्लायकोलखालचा सगळा बोटावर आला.

दुरुस्तीचा प्रयत्न

रंगवायच्या राहिलेल्या 14 फवारलेल्या स्लाइड्सपैकी नऊ पारदर्शक आणि पाच दुधी होत्या. ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्या हवेशीर कपाटात, ज्वालेपासून दूर, ताज्या ॲसिटोनच्या तीन बरण्यांतून प्रत्येकी दहा मिनिटे काढल्या, मग 95 टक्के अल्कोहोलात नेल्या. थर निघाल्याची खूण अशी, की पाण्यात बुडवून काढलेल्या स्लाइडवर पाणी थेंबांत न तुटता सलग पसरते. त्यानंतर नेहमीप्रमाणे रंगवल्या.

निकाल माझ्या अपेक्षेच्या उलट आला. दिसायला सर्वांत खराब असलेल्या पाच दुधी स्लाइड्सपैकी चार नीट वाचता आल्या; केंद्रके थोडी आक्रसलेली होती, पण कडा स्वच्छ होत्या आणि क्रोमॅटिन दिसत होते. चकचकीत, नीटनेटक्या नऊंपैकी फक्त दोन कशाबशा चालण्याजोग्या निघाल्या. कारण दुधी झाकेतच होते. ॲक्रिलिक राळ पाण्यात विरघळत नाही, पाणी भेटताच ती पांढरी होऊन खाली बसते. म्हणजे दुधी स्लाइड्स ओल्या असताना फवारल्या गेल्या होत्या, आणि फवाऱ्यातल्या ॲसिटोनने ओल्या पेशींवर अल्कोहोलसारखेच काम करून टाकले होते. ॲसिटोनही पाणी काढून प्रथिने गोठवणाऱ्या फिक्सेटिव्हांतलाच आहे. पारदर्शक स्लाइड्सचे विद्यार्थी डब्यासाठी रांगेत उभे होते आणि तोवर त्यांचे स्मिअर वाळून गेले होते. त्यांची राळ सुंदर बसली, पण पेशी आधीच हातच्या गेल्या होत्या.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या नऊ स्लाइड्स खऱ्या अर्थाने चुकीच्या डब्याने बिघडवल्या नाहीत, रांगेने बिघडवल्या. योग्य डबा असता तरी त्या फुगलेल्या केंद्रकांच्याच निघाल्या असत्या, आणि आम्ही ‘स्मिअर चांगला आला नाही’ म्हणून विषय सोडून दिला असता.

नऊंपैकी चारांवर मी रंगवण्याआधी सलाइनमध्ये पुन्हा भिजवण्याचा उपायही करून पाहिला. वाळलेला पण फिक्स न झालेला स्मिअर सलाइनमध्ये अर्धा मिनिट ठेवून लगेच अल्कोहोलात टाकला, तर पेशी पुष्कळदा पूर्वरूपावर येतात, हे अनुभवाचे आहे. येथे काहीच फरक पडला नाही. ॲसिटोनने प्रथिने त्या चपट्या आकारातच गोठवली होती. एकदा गोठल्यावर पाणी परत देऊन आकार परत मिळत नाही. योग्य क्रम हवा होता तो आधी भिजवणे, मग फिक्स करणे असा, आणि ती वेळ आदल्या दिवशीच टळली होती.

चित्राला तर उपायच नव्हता. ग्लायकोल पाण्यात व अल्कोहोलात विरघळते हे खरे, पण ज्या कणांना कशानेच धरलेले नाही ते धुतल्याबरोबर वाहून जातात. पेशी काचेला स्वतःच्या प्रथिनांनी चिकटल्या होत्या, म्हणून त्यांच्यावरचा परका थर धुता आला. कोळशाला असा स्वतःचा आधार नसतो. सहकाऱ्यांनी तीन आठवडे केलेले काम माझ्या खात्याच्या नोंदवहीतल्या एका ओळीमुळे गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

नावांबद्दल थोडेसे

असे घोटाळे या शब्दाभोवती ठिकठिकाणी आहेत. ऊतींचे तुकडे फिक्स करायला प्रयोगशाळेत ‘10 टक्के फॉर्मलिन’ वापरतात आणि नवा विद्यार्थी त्यात 10 टक्के फॉर्माल्डिहाइड आहे असे धरून चालतो. प्रत्यक्षात बाजारातले फॉर्मलिन हेच 37 ते 40 टक्क्यांचे द्रावण असते, त्याचा दहावा भाग घेतला की फॉर्माल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपासच उरते. हे द्रव्यही आणखी निराळ्या रीतीने काम करते. ते प्रथिनांना गोठवीत नाही, त्यांच्या साखळ्यांमध्ये पूल बांधते. 1893 मध्ये जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लुम जंतुनाशक म्हणून ते तपासत असताना त्याच्या बोटांची कातडी टणक झाली, आणि त्यावरून ऊतीही टणक करता येतील हे त्याने ओळखले.

छायाचित्रणात तर ‘फिक्स करणे’ म्हणजे चक्क काढून टाकणे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे डार्करूममधले हायपो, प्रतिमेला चिकटवीत नाही. प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार विरघळवून नेते, म्हणजे ते पुढे काळे पडत नाहीत. चांदीचे क्षार विरघळवण्याचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1819 मध्ये नोंदवला आणि 20 वर्षांनी छायाचित्रण जन्माला आले तेव्हा तो उपयोगी पडला. शिवाय काम झाल्यावर हायपो स्वतःही नीट धुवून काढावे लागते, नाहीतर तेच पुढे चित्र पिवळे पाडते. धरणे, गोठवणे, पूल बांधणे, बाहेर नेणे, इतक्या परस्परभिन्न क्रियांना आपण एकच नाव देतो आणि मग ते नाव डब्यावर छापून डबा फळीवर ठेवतो.

केलेले बदल

नोंदवहीतली ती ओळ खोडून तेथे दोन ओळी लिहिल्या आहेत: ‘ओल्या स्मिअरसाठी: अल्कोहोल व पॉलिइथिलीन ग्लायकोल, रंगवण्याआधी धुवावे’ आणि ‘कोळसा व पेस्टलसाठी: ॲक्रिलिक राळ व ॲसिटोन, कायम राहते’. डबे दोन वेगळ्या कपाटांत गेले. नियमाने ज्वलनशील वस्तू एकत्र ठेवायच्या असतात आणि तो नियम योग्यच आहे, म्हणून दुसरे कपाटही तशाच प्रकारचे घ्यावे लागले. प्रात्यक्षिकात आता प्रत्येक दोन विद्यार्थ्यांमागे अल्कोहोलची एक बरणी असते, स्मिअर काढण्याआधीच झाकण उघडलेली, आणि स्लाइड हातातून थेट तीत जाते. फवारा फक्त बाहेरगावी पाठवायच्या स्लाइड्ससाठी, 20 ते 25 सेंटिमीटरवरून, जेणेकरून जोराने पेशी उडून जाऊ नयेत.

सहकाऱ्यांनी चित्र पुन्हा काढले. या वेळी कोळशाचे काम झाल्यावर कागद तिरपा उभा करून हातभरापेक्षा जास्त अंतरावरून राळेचे तीन विरळ हात मारले, मधल्या वेळात प्रत्येक हात वाळू दिला, आणि पांढरा खडू त्यानंतर दिला. त्या खडूवर काहीही फवारलेले नाही. काच त्याला टेकू नये म्हणून फ्रेममध्ये माउंट जाड घेतला आहे, आणि फ्रेमच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे की पांढरा भाग सुटा आहे.